घाटाखालचा समुद्र

1728 च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पा नर्मदेवर येऊन थडकले तेव्हा त्यांचं वय जेमतेम एकवीस होतं. थोरले बंधू बाजीराव वऱ्हाडाच्या वाटेनं बुंदेलखंडाकडे निघाले होते आणि माळव्याची बाजू धाकट्यावर सोपवली होती. बरोबर उदाजी पवार होते, मल्हारराव होळकर होते. नदी ओलांडणं हा प्रश्न नव्हता. पावसाळा सरला की नर्मदेला ठिकठिकाणी उतार मिळतात. प्रश्न होता नदीपलीकडच्या कड्याचा. निमाडची सपाटी संपते तिथे विंध्याचा कडा उभा राहतो आणि त्याच्या माथ्यावर माळवा सुरू होतो. नर्मदेचं पात्र आणि ते पठार यांच्यात साडेतीनशे-चारशे मीटरचा फरक आहे. घोडी, तोफा, बाजारबुणगे असं सगळं लटांबर घेऊन हा कडा चढायचा तर घाटाशिवाय वाट नाही, आणि घाट मोजके.

माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर यांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी अमझेऱ्याजवळ तळ ठोकला आणि तिथल्या घाटाचं तोंड अडवलं. मराठे येणार ते इथूनच, असा त्यांचा हिशेब. मराठे मांडूच्या घाटानं वर चढले, पठारावर पोचले आणि मग अमझेऱ्याकडे वळले. 29 नोव्हेंबरला लढाई झाली. सुभेदार पडला, दया बहादूरही पडला. या एका दिवसानं माळव्यातल्या मोगली अंमलाचा कणा मोडला. पुढे धार पवारांची झाली, देवासही पवारांच्याच दुसऱ्या शाखेतल्या तुकोजी आणि जिवाजी या भावांकडे गेलं आणि थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदू लागल्या.

अमझेऱ्याच्या लढाईचं श्रेय इतिहासकार मराठ्यांच्या वेगाला आणि मोगलांच्या ढिसाळपणाला देतात. ते खरंच आहे. मला मात्र वाटतं की श्रेयाचा एक वाटा त्या कड्यालाही द्यायला हवा. मराठ्यांना असा कडा नवा नव्हता. सपाट माथा, खाली ताशीव दरड, मग थोडा उतार, पुन्हा दरड, मधूनच तांबूस मातीचा पट्टा, आणि कुठेतरी ओढ्यानं कापलेली एक चिंचोळी खिंड: ही रचना त्यांनी सह्याद्रीत लहानपणापासून पाहिली होती. घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसाला कड्याकडे पाहून वाट कुठे असेल हे कळतं. उदाजींनी तर त्याआधीची काही वर्षं याच मुलखात मोहिमा करून घालवली होती.

ते साम्य वरवरचं नव्हतं, कारण दगड एकच होता. पवारांच्या मलठणच्या वाड्याच्या पायाखाली जो काळा कातळ तोच धारच्या पायाखाली. पवार स्वतःला धारच्या भोज राजाच्या परमार कुळातले मानत आणि आपण आपल्याच घरी परतलो असं सांगत. कुळाचं काय ते भाटांनी ठरवावं. भूशास्त्राच्या हिशेबानं मात्र ते खरोखरच एकाच जमिनीवरून त्याच जमिनीवर आले होते.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड हिंदी महासागरातून उत्तरेला सरकत होता, वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे भूखंडांच्या मानानं धावतच. आज जिथे रियुनियन बेट आहे तिथल्या तप्त स्थानावरून जाताना जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. शंकूसारख्या ज्वालामुखीतून उसळून नव्हे, तर भेगेतून उतू जाऊन पसरत. एक थर पसरला, निवला, त्याच्या माथ्यावर पावसानं माती केली, झाडं उगवली, की पुन्हा नवा थर. भाकरींची चळत रचावी तसे हे थर एकमेकांवर बसत गेले. आज उरलेला पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो आणि उत्तरेला माळवाही. बाग, मनावर, बडवाणी या पट्ट्यात जमिनीतून पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात. ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्यांत तो शेवटी गोठून राहिला, त्या या भित्ती. आजूबाजूचा नरम खडक झिजला आणि भिंती उघड्या पडल्या.

शाळेत आपण अंतर्गत हालचाली आणि बाह्यकारकं अशी दोन वेगळी प्रकरणं शिकतो. एकात भूकंप आणि ज्वालामुखी, दुसऱ्यात नदी, वारा, विदारण. परीक्षेला ते सोयीचं. धार जिल्ह्यात ती दोन प्रकरणं वेगळी ठेवता येत नाहीत. नर्मदेची दरी ही मुळात पृथ्वीच्या कवचातली एक फार जुनी कमकुवत रेषा आहे. तिच्या दोन्ही अंगांनी भ्रंश आहेत, खडक वरखाली सरकलेले आहेत. नदीनं ती रेषा धरली आणि पश्चिमेचा रस्ता घेतला. विंध्याचा हा कडा त्या हालचालींनी किती उभा केला आणि ओढ्या-नाल्यांनी पोखरून किती मागे ढकलला, यावर अजून वाद होतात. दोघांचाही हात आहे एवढं नक्की. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट आणि वरचा सच्छिद्र, ठिसूळ. पाणी ठिसूळ भाग आधी खातं, वरचा घट्ट कातळ निराधार होतो आणि उभ्या फटींवरून तुटून खाली येतो. त्यामुळे कडा झिजतो, पण गुळगुळीत होत नाही. उभाच राहतो आणि उभ्या उभ्या मागे सरकतो.

सह्याद्रीशी आणखी एक साम्य आहे आणि ते मराठी वाचकाला लगेच पटेल. कृष्णा आणि गोदावरी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगवतात आणि त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला शेकडो कोस जातात. माळव्यातही तसंच. चंबळ महूजवळच्या जानापावला उगवते, क्षिप्रा इंदूर-देवासच्या सीमेवर, कालीसिंध देवास जिल्ह्यातल्या बागलीत. तिन्हींपासून नर्मदा किती जवळ! पण पठार उत्तरेकडे कललेलं, म्हणून या नद्या कड्याच्या कडेवर जन्मून नर्मदेकडे न बघता यमुनेच्या दिशेनं निघतात. धार जिल्ह्यात तर सरदारपूरजवळ उगवणारी मही तिसरीच वाट धरते आणि वळसा घालून खंबातच्या आखाताला मिळते. एका जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो.

या कड्याचाच एक तुकडा ओढ्यांनी जवळजवळ तोडून वेगळा केला, तो मांडू. काकडा खोह नावाची खोल दरी त्याला पठारापासून सोडवते. जोडणारी जमीन अगदी अरुंद उरली आहे. माळव्याच्या सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी इथे हलवली ती उगाच नव्हे. तटबंदीचं निम्मं काम निसर्गानं केलेलं होतं. पण कातळाच्या तुटक्या माथ्यावर पाणी कुठून येणार? भोवतीच्या दऱ्या सगळं पाणी ओढून नेतात. म्हणून मांडू हे राजवाड्यांइतकंच तळ्यांचं गाव आहे. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधल्या पट्टीवर जहाज महाल उभा आहे. गच्चीवरचं पावसाचं पाणी पन्हळींतून हौदांत उतरवलेलं. 1617 मध्ये जहांगीर काही महिने इथे मुक्कामाला होता. पावसाळ्यातल्या मांडूवर तो लुब्ध झाला. त्याच्या छावणीबरोबर असलेला इंग्रज वकील सर टॉमस रो मात्र उन्हाळ्यातल्या पाण्याच्या हालांनी हैराण झाला होता. दोघंही खरं बोलत होते. महिने वेगळे होते. दक्षिण टोकाला रूपमतीचा मंडप आहे, तिथून कडा तुटतो आणि खाली निमाड पसरतो. हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रेघ दिसते. त्या मंडपाखालच्या कुंडाला रेवाकुंड म्हणतात आणि नर्मदा इथे वर येऊन प्रकटली अशी श्रद्धा आहे. जे पाणी खाली दिसतं आणि वर मिळत नाही, त्याच्याबद्दल अशीच कथा जन्माला येणार.

इथवर लोक कडा चढत होते, उतरत होते, त्यावर राहत होते. तो कडा वाचायला सुरुवात झाली 1818 नंतर.

21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला. जानेवारीत मंदसोरचा तह. वर्षभरात देवास आणि धार या संस्थानांशीही इंग्रजांचे करार झाले आणि जॉन माल्कम मध्य हिंदुस्थानची घडी बसवायला लागला. माल्कमला सगळं हवं होतं: कोणत्या घराण्याचा कोणता दावा, कोणत्या परगण्याचा किती वसूल, भिल्लांचे नाईक कोण, रस्ते कुठले. त्याच्या हाताखाली मुंबई लष्करातला डेंजरफील्ड नावाचा एक मोजणी अधिकारी होता. त्यानं रस्ते मोजता मोजता दगडही पाहिले. माल्कमचा मध्य हिंदुस्थानवरचा ग्रंथ 1823 मध्ये लंडनला छापला गेला. त्यात डेंजरफील्डचं माळव्याच्या भूरचनेवरचं टिपण आणि रंगवलेला नकाशा आहे. हिंदुस्थानच्या सर्वांत जुन्या भूशास्त्रीय नकाशांत त्याची गणना होते.

त्या वेळी युरोपात काळ्या कातळाच्या जन्माचा वाद नुकता कुठे निवत होता. जर्मनीतल्या फ्रायबर्गचा वेर्नर आणि त्याचे शिष्य म्हणत, बेसॉल्ट आदिसमुद्राच्या तळाशी गाळासारखा साचला. एडिंबरोचा जेम्स हटन म्हणे, नाही, हा पृथ्वीच्या पोटातून वितळून आलेला आहे. हटनचं म्हणणं याहूनही मोठं होतं: पृथ्वीच्या पोटातली उष्णता जमीन उचलते आणि पाऊस-नद्या ती झिजवून समुद्रात नेतात, हे चक्र अखंड चालू आहे. अंतर्गत आणि बाह्य शक्तींचं आपल्या पाठ्यपुस्तकातलं प्रकरण तिथून आलं. वेर्नर वारला 1817 मध्ये, महिदपूरच्या लढाईच्या वर्षी. माळव्याची घोडी ज्या कातळावरून दौडत होती त्याच्या तुलनेत स्कॉटलंडमधला हटनचा पुरावा अगदीच किरकोळ होता, पण हटनला माळवा ठाऊक नव्हता.

डेंजरफील्ड 1818 मध्ये बागच्या लेण्यांतही शिरला. बाघनी नदीच्या काठी, डोंगराच्या पोटात कोरलेले बौद्ध विहार. गावकरी त्यांना पंचपांडव म्हणत आणि त्याच नावानं डेंजरफील्डनं त्यांचं वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीला पाठवलं. ते 1820 मध्ये छापून आलं. एकाच माणसानं एकाच मुलखातली लेणी आणि खडक दोन्ही प्रथम टिपावे हा योगायोग मला फार आवडतो, कारण बागला ही दोन वेगळी प्रकरणं नाहीतच.

अजिंठा कातळात कोरलेला आहे. बाग वालुकाश्मात. लाव्ह्याच्या खाली दबलेला हा वालुकाश्म नरम. छिन्नीला सोपा, काळापुढे कच्चा. त्याच्या वर चिकणमातीच्या खडकाचा जड थर बसला आहे. पावसाचं पाणी त्यात मुरतं, तो फुगतो, वालुकाश्मावर भार पडतो, आणि छताचे तुकडे सुटू लागतात. कोरणाऱ्यांना याची कल्पना होती असं दिसतं. दालनांच्या मध्यभागी त्यांनी जादा जाडजूड खांब राखले; अजिंठ्यात असे आधाराचे खांब लागले नाहीत. तरी नऊ लेण्यांपैकी कित्येकांची छतं ढासळली. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास इथे भिंतीभर चित्रं होती. दोन लेण्यांच्या समाईक ओसरीचं छत कोसळलं आणि उघड्या पडलेल्या भिंतीवरची मिरवणूक ऊन-पावसात विरत गेली. इंग्रजी अमलात बाग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होतं. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लेणी साफ करून घेतली, आधार दिले. 1921 च्या सुमारास नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारख्या चित्रकारांनी येऊन नकला केल्या. 1927 मध्ये बागवर इंग्रजीत मोठा ग्रंथ निघाला, त्यात जॉन मार्शलबरोबर गर्द्यांचंही लेखन आहे. पुढे दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा ताम्रपट सापडला. विहाराच्या दुरुस्तीसाठी त्यानं गाव दान दिलं होतं. म्हणजे डागडुजी त्या काळापासूनच चालू होती. अखेरीस 1982 पासून उरलीसुरली चित्रं भिंतीवरून सोडवून घेतली गेली आणि आता ती लेण्यांसमोरच्या संग्रहालयात आहेत. भिंत वाचवता येत नाही, निदान रंग वाचवू, असा तो निर्णय.

या वालुकाश्माच्या वर आणि लाव्ह्याच्या खाली काय आहे, हे कळायला आणखी काही दशकं गेली. 1850 च्या दशकात निमाडचा पोलिटिकल एजंट कीटिंग यानं मान नदीच्या खोऱ्यात, चिराखान गावाजवळ, चुनखडीतून शंख, शिंपले आणि गोल चेंडूसारखे दगड गोळा केले. त्याला पुढे 1858 मध्ये चंदेरीच्या वेढ्यातल्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; मला वाटतं चिराखानचे दगड त्याहून मोलाचे होते. ते गोल दगड म्हणजे सागरी अर्चिन, खाऱ्या पाण्यातले काटेरी प्राणी. नमुने विलायतेत गेले. 1865 मध्ये मार्टिन डंकन यांनी त्यांचं वर्णन केलं आणि त्याच निबंधात अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरचे अर्चिनही घेतले. दोहोंचं नातं जुळत होतं. धारच्या पठाराखाली समुद्र होता आणि तो पश्चिमेकडून, अरबस्तानच्या बाजूनं आत आला होता.

समुद्रापासून आज शेकडो किलोमीटर आत असलेल्या मुलखात हे ऐकून कोणीही चकित व्हावं. भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्डनं तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांत पायी-घोड्यावरून फिरून 1869 मध्ये सविस्तर अहवाल दिला आणि लाव्ह्याच्या पसाऱ्याखालचे हे सागरी थर कुठून कुठवर आहेत ते मांडलं. बारकाईचं काम मात्र एका बंगाली तरुणानं केलं. प्रमथनाथ बोस लंडनला शिकून 1880 मध्ये सर्वेक्षणात दाखल झाले, वरच्या श्रेणीत आलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक. त्यांच्या वाट्याला नेमावर ते कवांट असा नर्मदेचा पट्टा आला; नेमावर आज देवास जिल्ह्यात आहे, नर्मदेची नाभी म्हणून यात्रेकरू तिथे थांबतात, आणि कवांट थेट गुजरातेत. 1884 मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालात बागच्या थरांची जी विभागणी आहे तिचा पाया अजून वापरला जातो: तळाशी निमाडचा वालुकाश्म, त्यावर गाठीगाठींची चुनखडी, मग देवला आणि चिराखान या दोन खेड्यांच्या नावानं ओळखला जाणारा मृत्तिकामिश्रित थर, आणि सर्वांत वर प्रवाळांसारख्या दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांची तांबूस-पिवळी चुनखडी. हे तेच बोस ज्यांनी नोकरी सोडल्यावर 1904 मध्ये जमशेटजी टाटांना मयूरभंजच्या लोखंडाबद्दल पत्र लिहिलं. टाटा पोलादाच्या इतिहासात त्यांचं नाव येतं; धारच्या समुद्राच्या इतिहासात ते फारसं कोणी घेत नाही.

बोसांच्या थरांवरून कथा अशी जुळते. आधी नद्यांनी वाळू आणून टाकली. नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास नर्मदेच्या त्या जुन्या खचलेल्या रेषेतून समुद्र पूर्वेकडे आत सरकला, उथळ, ऊबदार. त्याच्या तळाशी अमोनाइट, शिंपले, अर्चिन, शार्कचे दात साचले. मग पाणी हटलं. उघड्या झालेल्या सखल जमिनीवर नद्या आणि तळी आली, त्यांच्या काठचा चुनामिश्रित गाळ साचला. त्याला लमेटा म्हणतात, जबलपूरजवळच्या घाटावरून. जबलपूरलाच 1828 मध्ये ठगांचा कर्दनकाळ म्हणून पुढे गाजलेल्या स्लीमनला राक्षसी हाडं मिळाली होती. आणि या सगळ्यावर लाव्हा आला. एका थरानंतर दुसरा, शेकडो मीटर. समुद्र, वाळू, तळी सगळं बंद पेटीत गेलं.

पेटी उघडली नद्यांनी. मान, बाघनी, हतनी या नर्मदेच्या उपनद्या कड्यावरून खाली उतरताना लाव्ह्याचे थर कापत खाली खाली गेल्या आणि जिथे पुरेशी खोली झाली तिथे जुना समुद्र उघडा पडला. पठारावर धार शहरात विहीर कितीही खणली तरी अर्चिन मिळणार नाही. नैर्ऋत्येला, कडा उतरल्यावर तो वाटेवर पडलेला सापडतो. पृथ्वीच्या आतल्या शक्तीनं झाकलं ते बाहेरच्या शक्तीनं दाखवलं, आणि तेही फक्त कड्याच्या पायथ्याशी एका अरुंद पट्टीत. विदारणाला आपण नासधूस समजतो. बागच्या भित्तिचित्रांपुरतं ते खरंही आहे. पण त्याच पाण्यानं तोच डोंगर कापला नसता तर कीटिंगला आणि बोसांना वाचायला पानच उरलं नसतं.

लमेटाच्या थरात आणखी काही होतं. गेल्या दोन-तीन दशकांत मनावरचे शिक्षक विशाल वर्मा आणि त्यांचे सोबती कुक्षी-बाग भागात अंडी शोधत हिंडले. 2023 च्या जानेवारीत दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद, हर्षा धीमान, वर्मा आणि इतरांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला: 92 घरटी आणि 256 अंडी, टायटॅनोसॉर जातीच्या लांब मानेच्या डायनासोरांची. अंडी पंधरा-सतरा सेंटिमीटर व्यासाची, घरटी दाटीदाटीनं. त्याआधीच्या वर्षी पाडल्या गावाजवळच्या एका अंड्यात दुसरं अंडं असल्याचं जाहीर झालं होतं. असा प्रकार पक्ष्यांत घडतो. त्याच पाडल्यात काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शेतात सापडलेले गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत आली आहेत. शेताची आणि गुराढोरांची राखण तो करतो. 2023 च्या अखेरीस तज्ज्ञांनी पाहिलं तर ती डायनासोरांची अंडी. वर्तमानपत्रांनी यावर जरा हसून बातम्या दिल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. इतर दगडांपेक्षा हा दगड वेगळा आहे, हे त्या शेतकऱ्यांनी सर्वेक्षणाच्या आधी ओळखलं होतं आणि जपलंही होतं.

देवासच्या बाजूला समुद्राचे अवशेष नाहीत. तिथे कातळाचंच राज्य. बागलीच्या जंगलात कावडिया पहाड आहे. लाव्हा सावकाश निवताना आकसला, आकसताना त्याला उभ्या भेगा पडल्या आणि पाच-सहा बाजूंचे घडीव वाटावेत असे स्तंभ तयार झाले. मुंबईकरांनी अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर हे चटकन ध्यानात येईल. कावडियाला मात्र हे खांब ढिगानं आडवेतिडवे पडले आहेत, आपटले तर धातूसारखे वाजतात, आणि गावकरी सांगतात की भीमानं बांधकामासाठी आणून टाकले आणि काम राहिलं. देवास गावाच्या डोक्यावरची टेकडी, जिच्या खडकात चामुंडेची मूर्ती आहे, तीही झिजून गेलेल्या पठाराचा उरलेला तुकडा. ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता आणि पुढे पुस्तकाचं नावच त्यानं या टेकडीवरून दिलं.

माळव्याची काळी माती ही याच कातळाची विदारणानं झालेली भुकटी. ती ओल धरते, म्हणून गहू पिकतो. पण मातीखालचा कातळ पाणी फार साठवत नाही. फटींत आणि सच्छिद्र थरांत असेल तेवढंच. विहिरी होत्या तोवर हिशेब जमत होता. कूपनलिका आल्या, एकेक थर भेदून खाली गेल्या आणि हजारो पावसाळ्यांत मुरलेलं पाणी काही दशकांत उपसलं गेलं. 1990 मध्ये देवास शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पायापायाला पाणी असल्याचा लौकिक ज्या मुलखाचा, त्याची ही गत. 2006 पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांच्या मागे लागून शेतातच तळी खोदवली, हजारोंनी झाली. त्यांना नाव दिलं रेवासागर. मांडूच्या रेवाकुंडासारखंच, वर नसलेल्या नदीचं नाव. 2014 मध्ये तर खरीच नर्मदा वर आणली: पंप लावून सुमारे साडेतीनशे मीटर चढवून तिचं पाणी क्षिप्रेच्या उगमाशी सोडलं. चिमाजी आप्पांचं सैन्य जो कडा चढलं तोच, आता वीज लावून.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला धाराजी होतं. नर्मदा तिथे खडकावरून कोसळायची, आणि धबधब्याखालच्या कुंडांत गोटे गरगरत घासून घासून गुळगुळीत होत. नर्मदेश्वर, बाणलिंग म्हणून देशभरच्या देव्हाऱ्यांत ज्यांची पूजा होते त्यांतली कित्येक या कुंडांत घडली. एप्रिल 2005 मधल्या अमावास्येच्या जत्रेत वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेलं पाणी रात्री अचानक आलं आणि स्नानाला जमलेली साठाहून अधिक माणसं वाहून गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्यात धबधबाच बुडाला. गोटे घडवणारी कुंडं आता स्थिर पाण्याखाली आहेत.

आतली शक्तीही थांबलेली नाही. 14 मार्च 1938 चा सातपुड्याचा भूकंप आणि 22 मे 1997 चा जबलपूरचा, दोन्ही या जुन्या रेषेच्या आसपास, पस्तीस-चाळीस किलोमीटर खोलीवर झाले. कवचाच्या तळाशी अजून ताण साचतो आहे. वर, धारच्या बाजूला, सप्टेंबर 2019 मध्ये सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटरपर्यंत भरलं आणि कुक्षी तालुक्यातलं निसरपूर, चिखलदा पाण्याखाली गेलं. ज्या नदीनं कडा कापून गाळ भडोचच्या मुखापर्यंत नेला, तिचा बराचसा गाळ आता धरणांमागेच बसतो. चिखलद्याच्या गल्ल्यांवरही तो थर चढू लागला असणार, आणि या थरात शंखशिंपल्यांबरोबर विटा, पत्रे आणि प्लॅस्टिकही आहे.